इस्त्री केलेलं पातळ

मूल रडायला लागलं की शहाण्यांना ऊत येतो. आमची मुलगी दहा महिन्यांची असताना सांगलीत मी हे दीड-दोन महिने पाहिलं, आणि त्या शहाण्यांच्या पहिल्या रांगेत मी स्वतः बसलो होतो. तेव्हा इथे कुणाला नावं ठेवली, तर त्यातला मोठा वाटा माझा आहे असं समजावं.

आमचं गाव म्हसवडच्या पुढे, माणच्या कोरड्या पट्ट्यात. घरात शिकलेला मी पहिला. साताऱ्याच्या कॉलेजातली चार वर्षं थोरल्या भावाच्या मनीऑर्डरीवर निघाली. तो पलटणीत हवालदार. त्यानं थंडीत पहारे दिले आणि मी बी.ए. झालो, हे मी आजही विसरत नाही. डिग्रीमुळे मला सांगलीला पाटबंधारे खात्यात कारकुनी मिळाली. बायको नदीपलीकडच्या एका गावात शाळेत शिक्षिका होती. तिची साडेआठची एस.टी., माझं ऑफिस साडेदहाचं. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती आणि दोघांना नोकरी असलेलं घर म्हणजे नशीबवान घर, असं सगळे म्हणत.

सासूबाई मुलीसाठी येऊन राहिल्या होत्या. शेंगांच्या काढणीला त्या परत गेल्या आणि मुलीला कळून चुकलं की या घरातून माणसं नाहीशी होतात. ती आईच्या पदराला आणि माझ्या गळ्याला असा विळखा घालायची की अंघोळीला जाणं मुश्कील. नेमका त्याच दिवसांत भाऊ दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला आणि गावी जाण्याआधी पुतणीला बघायला आमच्याकडे उतरला. सकाळी बायको एस.टी.ला निघाली तेव्हाचा आकांत त्यानं चहाचा कप हातात धरून पाहिला.

"पोरगी लय चिकट हाय," तो म्हणाला. "सुट्टी संपायच्या आत मी परत येतो आन हिला आईकडं न्हेऊन सोडतो. शेळीचं दूध हाय, आंगण हाय. दोन-चार वर्सं ऱ्हाऊ दे. तुमी दोघं निवांत नोकरी करा."

भाऊ वाईट बोलला नव्हता. त्याच्या मते त्यानं आमचा प्रश्न सोडवला होता. मी मान डोलावली. ज्याच्या पगारावर शिकलो त्याला 'नाही' कसं म्हणायचं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. बायको डबा भरता भरता एवढंच म्हणाली, "ती तिकडे गेली तर मी राजीनामा देऊन तिच्यामागं जाणार. भावाला सांगायचं तर तुम्ही सांगा." मी सांगितलं नाही. त्याऐवजी मागच्या गल्लीतल्या अक्कांकडे गेलो.

अक्का जैन घरातल्या विधवा बाई. वय पन्नाशीपुढचं. लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायच्या आणि नोकरीवाल्या बायकांची पोरं सांभाळायच्या. तेव्हा त्यांच्याकडे एका नर्सची आणि एका टेलिफोन ऑपरेटरची अशा दोन मुली होत्या. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण, म्हणून सहाच्या आत मूल न्यायचं, ही एकच अट. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "जाताना तिला सांगून जा बरं का."

मी हसलो. दहा महिन्यांच्या पोरीला काय सांगायचं? आणि आमच्या घरात तर निघताना सांगणं हेच पाप होतं. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत. सुट्टी संपवून निघालेल्या माणसाच्या मागे रडणं ऐकू येणं म्हणजे अपशकुन. म्हणून तो पहाटे, पोरं झोपेत असताना निघायचा. पोर जागं असेल तर चुलती त्याला परड्यात कोंबड्या दाखवायला न्यायची आणि तेवढ्यात माणूस वेशीपर्यंत पोचायचा. याला आम्ही धीर म्हणत होतो. थोरल्या भावाची पाच वर्षांची मुलगी तर बाप सुट्टीवर आला की त्याच्या काळ्या लोखंडी पेटीवरच झोपायची. कितीही उचलून अंथरुणावर ठेवा, ती उठून पुन्हा पेटीवर. आम्ही सगळे तिला हसायचो. "पेटीची राखणदार," म्हणायचो. घरात त्यावर विचार करण्याइतका शिकलेला मी एकटा होतो, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसणाराही मीच.

तर मीही तोच धीर दाखवला. लाकडाचा एक लाल-हिरवा खुळखुळा आणला. अक्कांच्या सोप्यात बसून तो वाजवायचा, मुलीचं लक्ष लागलं की तो नर्सच्या पोरीकडे सरकवायचा आणि चपला हातात घेऊन मागच्या दारानं निसटायचं. पहिल्या दिवशी मी गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा मागून किंकाळी आली. मी पाय उचलले. आपण फार हुशारी केली, असं वाटत होतं.

पाचव्या दिवशी घरीच बायकोनं तो खुळखुळा धुवायला घेतला. नुसता आवाज ऐकून मुलगी थरथरली आणि माझ्या शर्टाची दोन बटणं तोडून मला चिकटली. बी.ए.ला मला इतिहास होता. कारण आणि परिणाम यांवर मी पानंच्या पानं लिहिली होती. त्या मुलीनं पाच दिवसांत जे ताडलं, ते मला दोन आठवडे कळलं नाही. खुळखुळ्यात काही दोष असेल म्हणून मी बाजारातून पत्र्याचा पोपट आणला.

रडून रडून तिचा आवाज बसला. दूध उलटून पडायला लागलं. दुपारी अक्का तिला कडेवर घेऊनच वाकळेला टाके घालायच्या. मी मात्र ऑफिसात बसून सल्ले गोळा करत होतो. "पोरगीच ना? रडू द्या. मुलींचा आवाज मोकळा होतो," असं एक म्हणाला. त्याला स्वतःला चार मुली होत्या आणि कुठली कितवीत आहे हे सांगता येत नव्हतं. आमचे हेडक्लार्क याहून पुढचे. ते पान लावत म्हणाले, "जायफळाचे चार वेढे उगाळा नि चाटवा. संध्याकाळपर्यंत उठायची नाही. आमची सगळी अशीच वाढली." त्यांची सगळी कशी वाढली होती ते मी पाहिलं होतं. तरीही येताना मी जायफळ घेऊन आलो. बायकोनं ते हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि शिऱ्यात किसून टाकलं.

दोन आठवडे झाले तेव्हा अक्कांनी मला थांबवलं. "आरं, तिच्या आईचं एक लुगडं आण. आंगावरनं काढल्यालं, तसंच आण. धुऊ नगंस."

मला नीट ऐकू आलं होतं. कळलंही होतं. पण बायकोचं अंगावरचं, दुधाचे डाग पडलेलं पातळ मी दुसऱ्याच्या घरी, त्यातून इतकी स्वच्छता पाळणाऱ्या घरी न्यायचं? शिकल्यासवरल्या माणसाला हे शोभेल का? कॉलेजात माझ्याजवळ कपड्यांचे दोनच जोड होते. होस्टेलवर मी रोज तांब्यात निखारे भरून सदऱ्याला इस्त्री करायचो. गावाकडचा म्हणून कुणी हसू नये, एवढीच धडपड. कडक घडी म्हणजे शिक्षण, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून मी बायकोचं त्यातल्या त्यात बरं पातळ साबणानं धुतलं, भाताच्या पेजेची खळ दिली, तांब्या तापवून इस्त्री केली आणि चौकोनी घडी घालून सकाळी अक्कांच्या हातात ठेवलं. वर म्हणालो, "अगदी स्वच्छ आहे."

अक्कांनी घडी नाकाशी नेली. मग मुलीच्या मांडीवर ठेवली. मुलीनं ती खळीनं ताठ झालेली घडी ढकलली आणि माझ्याकडे हात पसरले.

"परीट हाईस का रं तू?" अक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, "तुमच्या घरी कसं आणायचं तसलं, म्हणून..."

"तसलंच मागितलं हुतं. पोरीला काय लग्नाला जायाचंय व्हय इस्त्री करून? तिला आईचा वास पायजे हुता, तो तू साबण लावून नदीत सोडलास. किती शिकलाईस?"

"बी.ए."

"हां," त्या म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. त्या 'हां'पेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती तशीच उठली, दिवसभर नेसलेलं पातळ सोडलं आणि गोळा करून माझ्या पिशवीत कोंबलं. खडूची भुकटी, एस.टी.ची धूळ, खांद्यावर सुकलेलं दूध. दुसऱ्या दिवशी ते मी वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं, चोरीचा माल न्यावा तसं. अक्कांनी अर्धवट शिवलेल्या वाकळेवर ते अंथरलं. मुलगी त्याच्यावर पालथी पडली आणि काठ तोंडात धरून चोखत राहिली.

एवढ्यानं सगळं सुतासारखं सरळ झालं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी उठलो की ती अजूनही रडायचीच. मग अक्कांनी मला कामाला लावलं. पहिले दोन दिवस तासभर उंबऱ्यात बसवलं, काही न करता. नंतर उठायचं, तिच्यासमोर उभं राहून "ऑफिसला जाऊन येतो" म्हणायचं, पुढच्या दारानं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. मग चौकापर्यंत. ऑफिसात लेट मार्क पडायला लागले. हेडक्लार्कनी विचारलं, "काय, जायफळ लागू पडलं नाही?" मी म्हटलं, "शिऱ्यात लागू पडलं." आयुष्यात मी साहेबलोकांना दिलेलं ते बहुधा पहिलं उत्तर.

मी अक्कांना म्हटलं होतं, "तिला शब्द कुठं कळतात?"

"शब्द न्हाई कळत. तू पळून जातोस त्ये कळतं."

भाऊ ठरल्याच्या आठवडाभर आधीच आला. दारात चहासुद्धा न घेता म्हणाला, "पोरीची कापडं बांधून ठेवा. सांजच्या गाडीनं निघतो." बायकोनं एस.टी. चुकवली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली. त्या कपाटात मुलीची झबली होती. मी कसाबसा म्हणालो, "दादा, आधी अक्कांकडं चला. तिला सोडताना बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

तो आला, पण आत येईना. बाहेर भिंतीआड कडुलिंबाखाली उभा राहिला आणि मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. परेड बघायला आल्यासारखा. मी मुलीला पातळावर बसवलं, सांगितलं, आणि पुढच्या दारानं बाहेर पडलो. ती रडली. हात वर करून रडली. भावानं माझा दंड धरून मला शेजारी थांबवलं. त्या भिंतीआड माझ्या डोक्यात एकच होतं: ती रडत राहिली तर संध्याकाळच्या गाडीत बसणार होती, आणि तिच्यामागं तिची आई.

आतून अक्कांचा सुई-दोऱ्याचा करकर आवाज येत होता. रडणं खाली आलं, हुंदक्यांवर आलं. मग नर्सची पोरगी शिंकली. पुन्हा शिंकली. आणि आमची मुलगी खुदकन हसली.

भाऊ घड्याळाकडे बघतच राहिला. किती मिनिटं झाली ते त्यानं सांगितलं नाही. इतक्यात आतून हाक आली, "आवं हवालदारसाहेब, भिंतीआड चोरावानी का हुबं हायसा? आत या, च्या घ्या."

तो टोपी काढून आत गेला. मुलीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पातळाचा काठ पुन्हा तोंडात घातला. भाऊ जरा गुरकावूनच म्हणाला, "सांगून गेलं तरी रडत्यातच की."

"रडत्यात. मग गप हुत्यात. न सांगता गेलं की गप बसून वाट बघत्यात. त्ये लय वाईट." अक्कांनी कप पुढे केला. "तुमास्नी पोरंबाळं?"

"एक पोरगी हाय. पाच वर्साची."

"जाताना सांगता तिला?"

भावानं बशीत चहा ओतला. प्यायला नाही. "झोपल्याली आसती," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. मला ती काळी पेटी दिसत होती आणि तिच्यावर आखडून झोपलेली पोर, आणि आजूबाजूला हसणारे आम्ही सगळे मर्द.

संध्याकाळच्या गाडीनं तो एकटाच गेला. झबल्यांचं नाव त्यानं काढलं नाही. सुट्टी संपवून गावाहून निघताना त्यानं आपल्या पोरीला उठवून, मांडीवर घेऊन सांगितलं. ती वेशीपर्यंत रडत धावली. चुलतीनं कपाळ बडवलं, आमच्या आईनं अपशकुन म्हणून थुंकून घेतलं, आणि पुढं वर्षभर मी गावी गेलो की मला ऐकवत राहिली, "निघत्या मानसामागं लेकरू रडवलं. हीच का रं तुझी सांगलीची अक्कल?"

अक्कल माझी नव्हती, पण ते मी तिला सांगितलं नाही. पुढच्या सुट्टीला भाऊ सुखरूप परत आला. मी मुद्दाम दोन दिवस गावी गेलो. काळी पेटी कोपऱ्यात होती, तिच्यावर कुणीतरी धुतलेली कापडं टाकली होती. पोरगी अंथरुणावर, हातपाय पसरून झोपली होती.