सातीमावशीचा अंगठा

तुर्कस्तानातल्या तोरोसच्या डोंगरात कार्देलेनची पांढरी फुलं बर्फ फोडून वर आली की कंद खणणाऱ्या गावाला सातीमावशीचा अंगठा लागे. फुलं दिसायला सारखीच, जात कळायची ती पानांच्या बुडाशी, आणि नजर गेलेली साती ती अंगठ्याने ओळखे. नेहमीच्या जातीत एक पान दुसऱ्याला कवेत घेतं.

त्या सकाळी ठेकेदार रिफ्कीने मुळासकट उपटलेलं रोप तिच्यापुढे धरलं. "वरच्या घळीत मिळालं. परदेशी लोक मागतात ते दुर्मिळ हेच ना? हो म्हण, उद्याच माणसं लावतो खणायला."

सातीने बुडाशी अंगठा फिरवला. दोन्ही पानं समोरासमोर सपाट टेकलेली होती. ही दुर्मिळ जात तिला आईने दाखवली होती. दर वर्षी ती गुपचूप घळीत जाऊन रोपं मोजून येई. यंदा तीस होती.

"नेहमीचंच आहे," ती म्हणाली, "पण कीड लागलेलं. यातला एक कंद सगळं पोतं नासवेल."

"नीट बघ, मावशी. का नजरेबरोबर अंगठाही गेला?"

"गेला असेल. मग मला कशाला विचारतोस?"

रिफ्कीने रोप खाली टाकून बुटाने चिरडलं. घळीत उरलेली रोपं सातीने मनातल्या मनात मोजली.

एकोणतीस.