सातपाटीचे बोंबील आणि डेन्मार्कचा गव्हर्नर

माझ्या नवऱ्याला, सुहासला, सोमवारी सकाळी कंपनीला उत्तर द्यायचं होतं, म्हणून रविवारी आम्ही स्कूटर काढली. घरात बसलो असतो तर त्याने दिवसभर फॅन पुसले असते. डोक्यात काही घोळत असलं की हा माणूस फॅन पुसतो.

सुहास बोईसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहे आणि आम्ही सरावलीला राहतो. त्याला कारखान्याचा मॅनेजर करायचं चाललंय. वर काचेची केबिन, पगारही बरा. पण पहिलंच काम कुठलं, तर दोनपैकी एक खातं बंद करून तिथल्या माणसांना घरी पाठवायचं. ज्यांच्याबरोबर तो इतकी वर्षं एका बाकावर डबा खातो, तीच ही माणसं.

बोईसर-पालघर रस्ता सध्या ठीक आहे, फक्त ट्रकमागे राहू नका. पालघरला स्टेशनजवळ मिसळ खाल्ली आणि पश्चिमेला शिरगावच्या किल्ल्याकडे वळलो. किल्ला अगदी समुद्राला लागून आहे. तिकीट नाही, पाणी मात्र आपलं आपण न्यावं. आत फांद्या फुटलेला एक ताड आहे. ताडाला फांद्या फुटतात हे मला खरंच माहीत नव्हतं.

तटावर बसल्यावर सुहासचा, कुठेतरी वाचलेला, डेन्मार्कवाला सुरू झाला. हल्ली आमच्या घरात तो तिसरा माणूसच झालाय. अडीचशे वर्षांपूर्वीचा हा लष्करी इंजिनिअर कॅरिबियन बेटांवरच्या डॅनिश वसाहतीत किल्ल्यांची पाहणी करायला गेला. त्याने एका बेटाचा इतका सुरेख नकाशा काढला की सुहासने तो मोबाईलवर लावलाय. मळे, पवनचक्क्या, रस्ते, सगळं त्यात आहे.

"पुढे तिथल्याच मळेवाल्याच्या घरात लग्न केलं," सुहास म्हणाला. "ऊसमळा हाताशी आला. मळ्यात राबणारे गुलामही आले. आणि म्हातारपणी गव्हर्नर."

"नालायक होता म्हण की."

"तेच कळत नाही गं. नकाशा काढणारा हात बघितला की वाटतं, चांगला असणार. मोजमाप करताना गुलामांच्याच झोपड्यांवरून गेला असेल ना? मग ती माणसं दिसायची कधी बंद झाली?"

मला त्या माणसाचा रागच येतो. पण सुहास त्याची बाजू घेत नव्हता, तो घाबरला होता.

सातपाटी शिरगावला लागूनच आहे. थंडीत गेलात तर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. वासाची सवय व्हायला जरा वेळ लागतो, मग भूक लागते. सुहासच्याच खात्यातला हरेश इथला. दरवर्षी आम्ही त्याच्या आईकडून सुके बोंबील घेतो. ती भाव चढा सांगते, मी कमी सांगते, आणि दोघी मनासारखं भांडून घेतो. हरेश आणि सुहास तोवर ओट्यावर पाय सोडून बसतात.

यंदा हरेशने आतून खुर्ची आणली. एकच, सुहाससाठी.

"बसा, साहेब."

आजवर तो सुहासला 'दादा' म्हणायचा. सुहास खुर्चीच्या कडेवर कसाबसा टेकला. हरेश उभाच राहिला. मी बोंबलांचा भाव विचारला.

"ऱ्हावद्या ताई, पैसं नको," त्याच्या आईने पिशवी माझ्या हातात ठेवली. मग सुहासकडे वळून म्हणाली, "तुमी आता वर बसनार म्हनं. आमच्या हरेशचा काम ऱ्हाईल ना?"

"आई, गप बस," हरेश म्हणाला.

"अजून मलाच माहीत नाही, मावशी," सुहास म्हणाला. खोटं बोलला असता तर सोपं गेलं असतं. मी पैसे पुढे केले, पण त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत. ती पिशवी मला फार जड वाटली.

जेवण आम्ही तिथल्याच एका खानावळीत उरकलं. थाळी साधी होती आणि बोंबील ताजे, पण दोघांचंही अर्धं जेवण ताटातच राहिलं. बोईसरकडे परत येऊन तारापूर गाठलं. तिथल्या किल्ल्याच्या आत कुणाची तरी खासगी वाडी आहे, त्यामुळे विचारल्याशिवाय शिरू नका. आम्ही बाहेरूनच तट पाहिला.

"मी नाही म्हटलं तर बाहेरचा माणूस येईल," सुहास म्हणाला. "त्याला हरेश कोण हेसुद्धा ठाऊक नसेल. मी असलो तर खातं वाचवायला निदान भांडेन तरी."

"तुझ्या डेन्मार्कवाल्यालाही असंच वाटलं असेल."

"असेल," तो म्हणाला. आणि त्याने स्कूटर सुरू केली.

सोमवारी त्याने होकार दिला. डबा मी नेहमीचाच मोठा भरला होता, चार-पाच जणांना पुरेल अशी सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकऱ्या. साहेब लोकांचं जेवण वर वेगळं असतं, पण हा खाली जुन्या बाकावरच बसणार होता.

या सहलीचे फोटो छान आलेत. तो ताड, ते मांडव, सगळं पाहण्यासारखं आहे, जरूर जा. मला मात्र ती एक खुर्चीच आठवत राहते.

संध्याकाळी डबा परत आला. उघडला तर चटणी जवळपास होती तशीच.

"बाकावर बसला नाहीस?"

"बसलो. सगळ्यांचं म्हणे आधीच जेवण झालं होतं." त्याने डबा स्वतः घासायला घेतला. बराच वेळ घासत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "उद्याही एवढाच दे."