मागच्या तारखेचा शिक्का

टाचणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. विद्यापीठाच्या परवानगी विभागात ती एकवीस वर्षं कारकून होती. बाहेरच्या संशोधकांना इथले विद्यार्थी किंवा कर्मचारी अभ्यासात घ्यायचे असले, की अर्ज आधी तिच्या टेबलावर यायचा. काय विचारणार, उत्तरं कोण वाचणार, माणसाला नको म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं, यातलं एक जरी कागदावर नसलं, की ती चिठ्ठी टाचून अर्ज परत धाडायची. मोठमोठे पदवीवाले नाकं मुरडत, पण कागद पुरे करत.

तिची धाकटी जाऊ मुलींच्या वसतिगृहात भांडी घासायची. एका रविवारी ती कोपराच्या खळग्यात कापूस दाबून घरी आली. बोलता बोलता कळलं, की मुकादमानं भांडी घासणाऱ्या बाराही बायकांना भोजनगृहात ओळीनं बसवलं होतं. बाहेरच्या एका डॉक्टरांनी झोप, पाळी, बाळंतपणं सगळं खोदून विचारलं, वहीत उतरवलं आणि रक्त काढून नेलं.

"नको म्हणायचंस ना," टाचणीबाई म्हणाली.

"मुकादम म्हणाले, सगळ्यांनी द्यायचंच आहे. परवानगी तुमच्या ऑफिसची आहे म्हणाले. मला वाटलं, ताई, तुम्ही बघितलंच असणार. म्हणून तर पोटातच गेलेल्या बाळाचंही सांगितलं."

ते बाळ टाचणीबाईला ठाऊकच नव्हतं. अकरा वर्षं दोघी एका ओट्यापाशी वावरत होत्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सोमवारी तिने आवक वही मागपर्यंत चाळली. असा अर्ज आलाच नव्हता. तो आला दुपारी, आणि तोही थेट कुलसचिवांच्या हातून. त्यावर मागच्या महिन्याची तारीख होती. साहेबांनी चहा मागवला, खुर्ची दिली. डॉक्टर फार मोठे आहेत, तोंडी होकार झालाच होता, आता फक्त मागच्या तारखेचा आवक शिक्का राहिलाय, असं गोडीगुलाबीनं सांगितलं. चार प्रश्नांनी कुणाचं काय झिजलं, असंही म्हणाले.

"साहेब, हेच प्रश्न तुमच्या घरातल्या बायकांना ओळीत बसवून विचारले असते का?" एवढंच ती बोलली. चहाला हातही न लावता उठली.

शिक्का तिने मारला, पण त्या सोमवारच्याच तारखेचा. खाली लिहिलं: परवानगीआधीच माहिती व रक्त घेतले, बायकांना सक्ती असल्याचे सांगितले. आवक क्रमांक घालून कागद नैतिकता समितीकडे पाठवला. क्रमांक पडल्यावर तो कागद गिळणं कुणालाच शक्य नव्हतं.

समितीनं दोन महिने घेतले. शेवटी निकाल आला: बाराही जणींची माहिती काढून टाकावी, रक्ताचे नमुने नष्ट करावेत. मुकादमाला ताकीद मिळाली. कुलसचिवांच्या केसालाही धक्का लागला नाही. टाचणीबाईची मात्र बदली झाली, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गोदामात. तिच्या जागी आलेला कारकून अर्ज तासाभरात मोकळे करतो म्हणून साहेब खूश होते.

समितीचं पत्र तिने स्वयंपाकघरात जावेला वाचून दाखवलं. जाऊ भाजी निवडत ऐकत होती.

"वहीतलं खोडलं ते बरं झालं," ती म्हणाली. "पण ताई, त्या माणसानं ऐकलं ते कोण खोडणार?"

टाचणीबाईनं पत्राची घडी घातली. तिचा राग काही शमला नाही.