माजी सैनिकांचं खातं आणि आम्ही बिनबंदुकीचे

रिटायर झालेले चार कारकून नागपूरच्या महालात पानठेल्यावर भेटले, की किस्से सुपारीसारखे निघतात. एक चघळून होत नाही तो दुसरा तोंडात! त्यातही माजी सैनिकांचं खातं नवं उघडलं तेव्हाचे सांगितले, की लोकांना थापा वाटतात. आम्हाला तरी घडताना कुठं खरे वाटले होते!

महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. सरकारनं सिव्हिल लाइन्समध्ये खातं काढलं आणि आम्हा कारकुनांना इकडूनतिकडून उचलून आणलं. बंदूक एकानंही धरली नव्हती. साहेब तर मासेमारीच्या खात्यातले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मासे काय अन् माणसं काय, खातं म्हणजे खातं!"



*

ऑफिस कुठं? तिसऱ्या मजल्यावर! पहिला माणूस आला तो कुबडी घेऊन, एका पायाचा. हेडक्लार्क बापूराव सवयीनं खेकसले, "आधी खाली चपराशाले नाव सांगून यावं लागते!"

तो "जी" म्हणाला आणि उतरला. खरंच उतरला हो! नाव सांगून घामाघूम होऊन पुन्हा वर आला.

"अरे, काहून उतरला गा? मी सहज बोललो!"

"हुकूम होता ना जी."

बापूरावांना त्या दिवशी डबा गेला नाही.

*

कारकुनाचं "उद्या या" म्हणजे येऊ नका, हे साऱ्या नागपूरला ठाऊक. फौजींना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो, तर कुलूपबंद दारासमोर रांग! सगळे सावधान! आम्हाला पाहून कडक सॅल्यूट! आम्हाला पळायलाही जागा नव्हती.

*

आणि तुळशीराम. उमरेडचा विणकर. डावा हात ब्रह्मदेशच्या लढाईत गेला, म्हणून घरचा माग बंद पडला. पोरं लहान. आमच्याच ऑफिसात चौकीदाराची जागा रिकामी होती.

"एवढी द्या साहेब. माग दोन हातांचा राह्यते. दुसरं काई येत नाही मले."

साहेब माणूस वाईट नव्हते, पण शंकेखोर. "चौकीदाराला बंदूक लागते. एका हातानं कशी चालवशील?"

"चालवली हाये साहेब. हात सकाळीच गेला होता. चौकी सांजवरी सांभाळली."

"थापा मारू नकोस!" साहेब भडकले. "बंदूक टेकवली कशावर?"

तुळशीराम सावधान उभा होता.

"जोडीदाराच्या खांद्यावर, साहेब. तो काई हालत नव्हता."