इनासचा तुकडा माझ्या बॅगेत

वसईहून इनासच्या भावाचा फोन आला तेव्हा मी शारजाच्या शेजारी, देराच्या सिग्नलला मालाची व्हॅन घेऊन उभा होतो. "इनास गेला," तो बोलला. मी "बरं" बोललो. माणूस गेल्यावर कुणी "बरं" बोलतं का? मी बोललो. मागचे हॉर्न मारायला लागले, गिअर टाकला, माल पोचवला... त्याला आता महिना उलटून गेला.

इनास आणि मी शारजात एका रूमवर. तो हॉटेलात हाऊसकीपिंगला. दारूला शिवला नाही, आणि लिव्हरमध्ये गाठ त्याच्या. शारजात दारूबंदी म्हणून देरात जाऊन ढोसणारा मी मात्र ठणठणीत. डॉक्टर बोलले, जुनी कावीळ अंगात राहिली होती, तिनं केलं. तेव्हा प्रश्न एकच, गाठ लिव्हरमध्येच उगवली की दुसरीकडून आली? लिव्हरची असेल तर ऑपरेशन, नाहीतर नाही. त्यासाठी गाठीच्या तुकड्यात कुठली प्रोटीनं आहेत ते बघायचं, आणि ती तपासणी मुंबईला. आमच्यात गावी जाणाऱ्याच्या बॅगेत सगळ्या रूमचं सामान जातं. नेमका मी निघालेलो. खजूर, सेंट, कुणाची इस्त्री, आणि मेणात बसवलेला इनासचा तुकडा, काडेपेटीपेक्षा लहान.

मुंबईला कस्टमवाल्यानं विचारलं, "ये क्या है?"

"साब, दोस्त का लिव्हर."

माझं थोबाडच असं, खरं बोललो तरी नाटक वाटतं. त्यानं सगळी बॅग उलटी केली. डॉक्टरची चिठ्ठी माझ्या खिशात होती, ती मला शेवटी आठवली.

रिपोर्ट आल्यावर बूथवरून फोन लावला. "इनास, लिव्हरचं प्रोटीन मिळालं. गाठ तिथलीच. ऑपरेशन होणार."

"मस्करी करतोस?"

"आईशप्पथ."

"मेल्या, पहिल्यांदा कामाचं बोललास."

मग दुसरंही सांगितलं. आणखी एक प्रोटीन जास्त दिसतंय, ते असलं की गाठ परत यायची भीती जास्त, असं डॉक्टर बोलले. तो बोलला, "ही मस्करी होती असं धरतो."

वसईला जाताना रूमवर सांगून गेला, "माझी खाट देऊ नका कुणाला. ऑपरेशन करून येतो." ऑपरेशन चांगलं झालं. वर्षाच्या आत गाठ परत आली, तो रूमवर परत आला नाही.

गेल्या शुक्रवारी रूमवाले बोलले, आता नवीन माणूस घेऊया. मी हो बोललो. चादर काढायला गेलो. हॉटेलात लावतात तशी इनास लावून गेलेला, चारी कोपरे गादीखाली आवळून. एक कोपरा धरला, आणि सोडला. नवीन माणसाला माझी खाट दिली. मी इनासच्या खाटेवर झोपतो... चादर न काढता, वरच.