बंबाचे सरपण

आमच्या घरामागे, पत्र्याच्या पडवीखाली, वडिलांनी आंब्याची लाकडे रचून ठेवली होती. ती त्यांच्या स्वतःच्या सरणासाठी होती. आई रोज सकाळी त्यांतलीच लाकडे बंबात घालून त्यांच्या आंघोळीचे पाणी तापवत असे. दोघांनाही दुसऱ्याचे ठाऊक होते. वडील या जानेवारीत गेले. तोपर्यंत त्यांच्यात या एकाच गोष्टीवरून ओढाताण चालू होती, आणि ती मी पाहत होतो.

वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. पत्रे जोडण्याच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि उजव्या कानाचे ऐकणेही तिथेच गेले. निवृत्तीनंतर त्यांनी पडवीत एक बाक ठोकला, रंधा, पटाशी, करवती घेतल्या आणि सुतारकाम सुरू केले. पाट, चौरंग, माझ्या पुस्तकांसाठी फळ्या. माप चुकत नसे, पण हात सुताराचा नव्हता. प्रत्येक वस्तू गरजेपेक्षा जाड आणि जड होई. आई म्हणायची, "उडणार नाही अशी काळजी घेतलीय."

सरणाचा विचार त्यांच्या डोक्यात आला तो काकांमुळे. काका देवळ्याला कांद्याची शेती करत. साथीच्या काळात उपचारासाठी त्यांना नाशिकला आणले आणि ते इथेच गेले. त्या दिवसांत स्मशानात दोघांनाच आत सोडत होते, म्हणून वडील आणि मी गेलो. काकांचा मुलगा दवाखान्यात त्यांच्याजवळ राहिला होता, म्हणून त्याला फाटकाबाहेरच थांबवले. लाकूड कमी पडत होते. मिळाले ते नुकतेच तोडलेले, सालीखाली हिरवे. अग्नी दिल्यावर ओंडक्यांच्या टोकांना फेस येऊ लागला. ओले लाकूड जळताना आवाज करते, कुणी दातांतून श्वास ओढावा तसा. धूर वर न जाता जमिनीलगत सरकत राहिला. तिथल्या माणसाने डिझेल ओतले. भडका उडाला आणि बसला. मी चला म्हणालो, तेव्हा वडील म्हणाले, "अर्धा राहिलाय तो."

त्यानंतर त्यांना एक सवय लागली. कुठेही लाकूड दिसले की ते दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटत. वाळलेले लाकूड खणखणते, ओले नुसते थप् करते. डावा कान जवळ नेऊन ते हा आवाज ऐकत. वखारीसमोर, रस्ता रुंद करण्यासाठी पाडलेल्या झाडांपाशी, लग्नाच्या मांडवामागे आचाऱ्याच्या चुलीशी. लोक बघायचे. मी चार पावले पुढे जाऊन उभा राहायचो.

मग त्यांचे हृदय अशक्त झाले. तपासण्या झाल्या, गोळ्या वाढल्या, जिना बंद झाला. एका दुपारी पडवीत रंधा मारता मारता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मला कोरड्या लाकडावर जाळ. त्याच्यासारखं नको." मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

पुढच्या वैशाखात वादळ आले आणि कुंपणाजवळचा आंबा मुळासकट पडला. तो आधीच शेंड्याकडून सुकत आला होता. मला वाटले त्यांना वाईट वाटेल. ते झाड त्यांनीच लावले होते. पण सकाळी ते बुंध्याभोवती हिंडत होते, सालीवर हात फिरवत होते, आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काही हालत होते. "आंबा चांगला जळतो," ते म्हणाले. "वर्ष-दीड वर्ष वाळू दे फक्त."

आईने ऐकले. ती आत गेली.

झाड कापायला शेजारच्या वस्तीवरचा एक माणूस पेट्रोलवर चालणारा कटर घेऊन आला. वडिलांनी त्याला बुंध्यापाशी नेऊन सांगितले, "सरणाचं लाकूड आहे. लांब ठेव." कटर सुरूच होता. त्याने मान डोलावली. त्याला काय ऐकू आले ते उघड आहे. स्वतःच्या अंगणात उभा राहून हसऱ्या तोंडाने कुणी तो शब्द उच्चारेल, असे कुणाच्या मनात येईल? वडील गोळी घ्यायला आत गेले, आणि तेवढ्यात आई मागच्या दाराने बाहेर आली.

"मावशी, सरपन केवढं करू?" त्याने विचारले. "बाबा लांब ठेव म्हन्ले."

आईने दोन्ही हात पुढे करून वीतभर अंतर दाखवले. "बंबात बसेल एवढं कर."

"सगळंच?"

"सगळंच."

वडील बाहेर आले तोवर फांद्या संपून बुंध्याचाही हातभर तुकडाच उरला होता. ते ओरडले, पण त्या आवाजात त्यांचे ओरडणे कुणाला ऐकू येणार? त्यांनी त्या माणसाच्या दंडाला धरले, तेव्हा तो दचकून थांबला. पायाशी भुसा आणि वीतवीतभर तुकड्यांचा ढीग. तो खूश होता. "बाबा, पाच-सहा हिवाळे निवांत आंघोळी करा. लय झालं सरपन. पानी संपंल, पन हे नाय संपायचं."

वडिलांनी आईकडे पाहिले. आई म्हणाली, "मला काय माहीत? सरपण म्हणालात ना तुम्ही?"

ती खरेच चुकली की तिने मुद्दाम केले, हे मला आजही सांगता येत नाही. मी वाचनालयात काम करतो; शब्द तपासायची मला खोड आहे. त्या आठवड्यात मी कोश उघडून दोन्ही शब्द पाहिले. दोहोंमध्ये फक्त एका 'प'चे अंतर आहे. आई तो 'प' कधीच गाळत नसे. दुसरा शब्द तिच्या तोंडून मी जन्मात ऐकला नाही.

एवढ्या आखूड तुकड्यांचे सरण रचता येत नाही. वडिलांनी दोन दिवस अबोला धरला आणि मग स्वतःची समजूत घातली. मोठे ओंडके वखारीचे घेऊ, ओले तर ओले. त्यांच्या सांध्यांत आणि खाली हे कोरडे तुकडे गच्च भरले की पेटेल. मला त्यांनी बाकावर ठोकळे मांडून दाखवले, कुठे कसे भरायचे ते. कारखान्यात नव्या पोराला शिकवत तसेच. मीही तसाच लक्ष देऊन पाहत राहिलो.

पडवीत त्यांनी दोन ओळी केल्या. मागच्या ओळीत उत्तम वाळलेले, साल सुटलेले, टोकांना चिरा पडलेले तुकडे. पुढच्या ओळीत बाकीचे. बंबासाठी पुढची ओळ, असे त्यांनी आईला बजावले. आई मागची घेई.

"पुढची घे की," ते ओट्यावरून म्हणायचे.

"पुढची धुरतात. डोळे जातात माझे."

"ती वाळतील हळूहळू. मागची राहू दे."

"कुणासाठी राहू दे? पाहुण्यांसाठी?"

"पाहुण्यांसाठीच समज."

"मग पाहुणे आले की बघू. उठा आता, पंचा घ्या."

ते हसायचे. आई हसायची नाही. ती नळीतून तुकडे आत सोडत राहायची, एकेक, आणि प्रत्येक तुकडा आत पडला की खाली जाळीतून ठिणग्या उडत.

छपरावर सौरबंब होता, न्हाणीघरात गीझर होता. पण आईचे म्हणणे असे की लाकडावर तापलेले पाणी हाडापर्यंत जाते. वडिलांना थंडी सोसत नव्हती. ओठ निळसर दिसत. कढत पाण्याने आंघोळ झाली की त्यांच्या गालांवर थोडा वेळ रंग येई आणि आई तो रंग बघत उभी राही. गोळ्यांपेक्षा तिचा त्याच्यावर विश्वास होता. पुढे पुढे ती त्यांना संध्याकाळीही आंघोळ घालू लागली. ढीग दुप्पट वेगाने उतरू लागला.

वडिलांनी उपाय करून पाहिले. शेजारच्याने द्राक्षबाग मोडली तेव्हा उपटलेली खोडे त्यांनी ट्रॉलीभर मागून आणवली आणि आईला म्हणाले, घे, वर्षभराची सोय झाली. वेड्यावाकड्या, पिळलेल्या त्या खोडांनी आई बंब पेटवायची आणि पेटला की वर आंबा घालायची. मग त्यांनी आईसाठी बंबाजवळ बसायला एक बुटके स्टूल केले, आंब्याच्याच दुबेळक्यातून, दोन फांद्या फुटतात त्या तुकड्यातून. त्यांनी केलेली ती शेवटची वस्तू. नेहमीसारखीच जड. तिच्या गुडघ्यांना वाकणे जमत नव्हते, हे त्यांनी पाहिले होते. स्टुलावर बसून ती त्यांचे लाकूड जाळत राहिली आणि ते ओट्यावरून पाहत राहिले.

मी दोघांच्या मध्ये काहीही केले नाही. सुटीच्या दिवशी पडवीत गेलो की ढीग कमी झालेला दिसायचा. आनंद व्हायचा की भीती वाटायची, ते मला ओळखता येत नसे. पाऊस आला की आई धावत जाऊन त्यावर प्लास्टिक घालायची. ऊन पडले की तुकडे अंगणात पसरायची, उलटेपालटे करायची. परक्याने पाहिले असते तर तीच सगळी तयारी करते आहे असे त्याला वाटले असते.

जानेवारीत थंडीवर पाऊस आला. सगळीकडे चिखल झाला, द्राक्षांवर फवारणीची घाई सुरू झाली. वडील आंघोळ करून, स्वेटर घालून ओट्यावर चहा घेत बसले होते. कपबशी खाली पडल्याचा आवाज आला. मी पोहोचलो तेव्हा ते भिंतीला टेकलेले होते. अंग अजून कढत पाण्याने गरम होते, म्हणून मला ते कळायला उशीर लागला.

दुपारपर्यंत नातेवाईक जमले. काकांचा मुलगा देवळ्याहून आला. कुणीतरी स्मशानातून फोन केला की लाकूड आहे, पण शेड गळल्यामुळे भिजलेले आहे. मी गोण्या घेतल्या आणि पडवीकडे गेलो. आई माझ्या आधी तिथे पोहोचली होती. दोन्ही हात मागे करून ती ढिगाला पाठ लावून उभी होती.

"आई, बाजूला हो."

"हे सरपण आहे."

"त्यांनी सांगून ठेवलं होतं मला."

"मला नव्हतं सांगितलं."

काकांचा मुलगा हळू आवाजात म्हणाला, "काकू, त्यांची इच्छा होती. द्या."

"पावसात मी झाकलंय हे. उन्हात मी पसरलंय. माझ्या हातानं वाळवलेलं त्यांच्या अंगावर घालू?" तिचा आवाज चढला नव्हता. "विकतचं न्या. विकत मिळतं."

बायकांतून एक म्हातारी म्हणाली की घरच्या चुलीबंबाचे सरपण मयताला देऊ नये, तसे देत नाहीत. असा काही रिवाज आहे का, मला माहीत नाही. मी पूर्वी ऐकला नव्हता. पण त्या क्षणी सगळ्यांनाच तो बरा वाटला. पुरुषांनी माना डोलावल्या. कुणीतरी माझ्या हातातल्या गोण्या काढून घेतल्या. मी तिला धरून बाजूला करू शकलो असतो. ती एवढीशी होती.

सरण विकतच्या लाकडांचे झाले. बाभूळ आणि आणखी कसली तरी लाकडे, काळपट, भिजून जड झालेली. मी दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहिले नाहीत. खाली गोवऱ्या घातल्या, तूप घातले, कापूर घातला. मी अग्नी दिला. गोवऱ्या पेटल्या, आणि थोड्या वेळाने ओंडक्यांच्या टोकांना फेस आला. मग तो आवाज. धूर आमच्याकडे वळला, तेव्हा माणसे तोंडावर रुमाल धरून मागे सरकली. डिझेल आले.

काकांचा मुलगा माझ्याजवळ उभा होता. त्याने विचारले, "आमच्या दादांच्या वेळी तू आत होतास. असंच होतं का?"

"धूर सगळीकडेच होतो," मी म्हणालो.

लोक घड्याळे बघू लागले. तिथला माणूस म्हणाला, तुम्ही जा, मी आहे, पहाटेपर्यंत होईल सगळं. निघताना मागे वळून पाहायचे नसते. मी पाहिले. धुरात एक बाजू काळी होती, तिथे आग पोहोचलीच नव्हती.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. स्मशानातून आलेल्यांनी आंघोळ केल्याशिवाय घरात जायचे नसते. अंगणात बादल्यांची ओळ मांडलेली होती आणि प्रत्येकीतून वाफ निघत होती. बंब धडधडत होता. आम्ही निघाल्यापासून आईने तो पेटता ठेवला होता. जाळ सरळ, पिवळा, धुराचा मागमूस नाही. पडवीत मागची ओळ राहिली नव्हती. नुसती जमीन होती, सालीचा चुरा आणि मुंग्या. थंडीत कुडकुडत आलेली माणसे अंगावर कढत पाणी घेत होती आणि नकळत बरे वाटल्याचे आवाज काढत होती.

आईने माझी बादली स्वतः आणली. खाली ठेवून ती तिथेच उभी राहिली.

"नीट जळालं का?" तिने विचारले.

"हो."

"लगेच धरलं?"

"लगेच."

"लाकूड कसं होतं?"

"कोरडं होतं."

तिने माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली, नाकाजवळ नेली आणि सोडून दिली. मग बंबाकडे जाऊन तिने आणखी एक तांब्या कढत पाणी आणले आणि माझ्या बादलीत ओतले.