बेनादीबाबांचं सोंग

मुकोरे गावात कुणी गेलं, की आधी मुखियाच्या घरून मोठं पातेलं निघायचं आणि पाठोपाठ माय शिंगिरायला बोलावणं जायचं. पातेल्यात जमलेल्यांसाठी साड्झा शिजायचा, मक्याच्या पिठाचा, घोटणाऱ्याचा दंड भरून येईल इतका घट्ट. आणि माय शिंगिराय गेलेल्या माणसाला पुन्हा उभं करायची.

हे काम गावच्या सुनांचं. लेकींनी, भावांनी, रक्ताच्या माणसांनी चटईवर बसून रडायचं. परक्या घरून आलेल्या सुनांनी मेलेल्याचे कपडे चढवून अंगणात यायचं, त्याचं सोंग काढायचं आणि रडणाऱ्यांना हसवायचं, अशी त्या मुलखाची रीत. तो चालायचा कसा, खोकायचा कसा, बायकोनं हाक मारली की बहिरा कसा व्हायचा. सुना गावात पुष्कळ होत्या, पण माय शिंगिराय एकच. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा सासरा वारला. ही अठरा वर्षांची पोर त्याचा कोट घालून कणगीमागून निघाली ती अशी, की म्हाताऱ्याचा कुत्रा उठून तिच्या पायाशी जाऊन बसला. सासू रडता रडता हसली आणि हसता हसता आडवी झाली. त्या दिवशी नणंदेनं, आत्या राटिड्झोनं, तिला एक कोंबडी दिली आणि टोमणाही दिला, “वहिनी, माझ्या बापानं आयुष्यात कधी एवढं लवकर अंगण ओलांडलं नव्हतं हो!”

ते दिवस काय होते! माणसं म्हातारी होऊन मरायची. सोंग काढायला ऐवज असायचा.

मग रोगाची वर्षं आली. तरणीताठी माणसं गेली, एकेका घरातून जोडीनं गेली. एकाचा खोकला माय शिंगिरायच्या घशातून उतरला नाही तोवर दुसऱ्याचा यायचा. चटईवर बसायला मोठी माणसं उरली नाहीत. पोरंच बसायची, आणि आई कशी दिसते ते बघायला मान उंच करायची.

त्याच सुमारास संस्था आली. गुरांच्या हौदाजवळ पत्र्याची खोली बांधली, आणि गावातल्या पोरक्या पोरांना दूरदेशीचे पालक मिळाले. कधी न पाहिलेल्या माणसांनी फी भरली, गणवेश दिले, बूट दिले, घोंगड्या दिल्या. शाळेच्या वाटेवर पोरं एकमेकांना सांगायची, “माझी डॉक्टरीण आहे.” “माझ्या पालकाकडे घोडा आहे.” आत्या राटिड्झोकडे वाढणारी तिच्या भावाची पोरकी लेक माइदेई, तिचा पालक म्हणजे निवृत्त झालेला एक बसचालक. “तुझा नुसता बसवाला!” असं पोरांनी चिडवलं की ती नाक वर करून म्हणायची, “बस दोन मजली होती. तुझ्या घोड्याला आहे का वरचा मजला?”

बर्नार्ड त्याचं नाव. गावाच्या जिभेवर त्याचा बेनादी झाला, आणि पोरीचा बाप म्हणून बेनादीबाबा. माइदेई दहा वर्षांची असताना तो एकदाच येऊन गेला, सकाळी आला आणि ऊन उतरायच्या आत परत फिरला. माय शिंगिराय त्या वेळी माहेरी होती. तिनं त्याला पाहिलं नाही.

पुढे तिचा स्वतःचा मुलगा गेला. ज्याच्या नावानं गाव तिला माय शिंगिराय म्हणायचं, तो शिंगिराय सतरा वर्षांचा असताना जोहान्सबर्गला गेला होता. एकतिसाव्या वर्षी पेटीतून आला. पेटी उघडू नका, असं बरोबर आलेल्यांनी सांगितलं. ती चटईवर बसली, कारण आईची जागा चटईवर. बाकीच्या सुना सोंग काढायला उभ्या राहिल्या, पण त्यांना ठाऊक होता तो गुरं वळणारा पोरगा. त्यांनी शीळ घातली, गोफण फिरवली. पेटीतला माणूस कसा चालत होता, कसा हसत होता, ते कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही.

तेव्हापासून तिचं काहीतरी झालं. ती रडली नाही. अंगण झाडायची, पाणी आणायची, कुणी बोललं तर उत्तर द्यायची. पाय बधिर झाला तरी त्यावर उभं राहता येतं, फक्त खालची जमीन कळत नाही. तशी ती होती. सोंगाला बोलावणं आलं की म्हणायची, “मी आता करत नाही,” आणि शेंगा सोलत राहायची.

ऑगस्टच्या वाऱ्यात संस्थेचा ग्वाझा मोटारसायकलवरून आला. आत्या राटिड्झोच्या अंगणात स्टुलावर बसून त्यानं सांगितलं, की माइदेईचे पालक छातीच्या दुखण्यानं वारले. “पण काळजी करू नका, दुसरे पालक लगेच मिळतील. शाळा थांबणार नाही.”

“वा रे वा!” आत्या म्हणाली. “एकाच श्वासात जुना बाप पुरलास आणि नवा आणलास? जरा पाणी तरी पी मधे.”

“आत्या, मी निरोप्या. मला जे सांगितलं ते मी सांगतोय.”

माइदेई दोरीवरचा गणवेश काढत होती. तिनं तो काढला, घडी घातली, आत नेऊन ठेवला. त्यानंतर तिनं कुणाशी धड शब्द काढला नाही. शाळेत जायची, यायची, पुढ्यातलं ताट तसंच सरकवायची. गुरुजींनी निरोप धाडला, पोरगी फळ्याकडे बघते पण तिला फळा दिसत नाही. आत्या हबकली, कारण आई गेली तेव्हाही हे लेकरू असंच बसलं होतं आणि पावसाळा उलटेपर्यंत मुकं राहिलं होतं.

शेतात कुदळ लावायची नसते अशा सुटीच्या दिवशी पोरगी माय शिंगिरायच्या अंगणात येऊन उभी राहिली. माय शेंगा सोलत होती.

“माय, त्यांचं करा.”

“कुणाचं?”

“बाबांचं.”

“मी पाहिलं नाही गं त्यांना.”

“गावानं पाहिलंय.”

“मी आता करत नाही, माइदेई.”

“माहीत आहे.” पोरगी हलली नाही. “माझ्या आईचं तुम्ही केलं होतंत. मला आई आठवत नाही. तुम्ही केलेली आई आठवते. यांचं कुणी केलंच नाही तर पुढे मला काय आठवेल?”

हे ऐकून छातीत कळ यायला हवी होती. माय शिंगिरायनं वाट पाहिली. कळ आली नाही. तिनं शेंगांची टोपली बाजूला ठेवली आणि म्हणाली, “बरं.”

मुखियानं आधी नाकं मुरडली. “ना प्रेत, ना खड्डा. मेलेल्याचं देवकही माहीत नाही. दुखवट्याला बसायचं ते कुणाच्या नावानं?”

“नऊ वर्षं माझ्या भावाच्या लेकीला शिकवलं त्यानं,” आत्या कडाडली. “बाप नव्हे तर कोण तो? वाटसरू?”

“पण देवक, राटिड्झो, देवक! बिनदेवकाच्या माणसाला हाक कशी मारायची?”

“पाण्यापलीकडून आला ना? मग मासा लावा.”

“मासा तर माझं देवक!”

“मग झालं. तुमचाच भाऊबंद निघाला. पातेलं तुमच्याकडून, आणि मकाही.”

सगळे हसले. मुखिया पुटपुटत गेला, पण पातेलं आलं.

माय शिंगिराय माणूस गोळा करायला निघाली. कधी नव्हे ते असं काम. एरवी मेलेला माणूस तिच्या अंगात असायचाच, विहिरीवर, बाजारात, चर्चच्या बाकावर टिपून ठेवलेला. आता ती दारोदार गेली. “कसा होता?” एक म्हणाली, मोठी टोपी होती, ताटाएवढी. दुसरा म्हणाला, हात पाठीशी बांधून लांब लांब टांगा टाकायचा. मुखियाची म्हातारी म्हणाली, माती चिमटीत घेऊन वास घ्यायचा. कुणी सांगितलं, साड्झा चमच्यानं खाल्ला. म्हातारा झिंडोगा तर हटूनच बसला, “माझ्या बकरीला इंग्रजीत शिव्या दिल्यान् त्यानं. मी कानांनी ऐकल्या.”

माइदेईला मात्र तिनं विचारलं नाही. चटईवर बसणाऱ्याला विचारायचं नसतं.

शनिवारी सकाळी आत्याच्या अंगणात माणसं जमली. ग्वाझाही आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. चटईवर आत्या बसली, तिला खेटून माइदेई, गुडघ्यांत हनुवटी रोवून. पातेल्याखाली जाळ झाला. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि कणगीमागून माय शिंगिरायनं प्रवेश केला.

आहाहा! काय तो प्रवेश! मुखियाची टोपी, हात पाठीशी, ढांगा अशा की अंगण तीन पावलांत संपावं. थबकली, वाकली, मातीची चिमूट नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं. समोरच्या बकरीकडे वळून असं काही पुटपुटली की झिंडोगा गुडघ्यावर थाप मारून ओरडला, “तोच! तोच तो!” हशा उसळला. इतक्या वर्षांनी उभी राहूनही हात, पाय, मान सगळं जागच्या जागी येत होतं. आत मात्र शुकशुकाट. दुसऱ्याच कुणाचे हातपाय लांबून हलवावेत, तसं तिला वाटत होतं.

“टोपी नव्हती.”

टाळ्या थांबल्या. चटईवरून आवाज आला होता.

“गप गं,” आत्या कुजबुजली. “रडणाऱ्यानं मधे बोलू नये.”

“पण नव्हती टोपी. टोपीवाला तो बोअरवेलवाला. मातीचा वास तो घ्यायचा. त्याच वर्षी आला होता.”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. “अगं हो की,” कुणीतरी म्हणालं. झिंडोगानं डोकं खाजवलं. “मग माझ्या बकरीला...?”

“तोही बोअरवेलवालाच, आजोबा.”

माय शिंगिराय अंगणाच्या मध्यावर उभी होती. चटईवरून तिला आजवर कुणी थांबवलं नव्हतं. भर प्रवेशात पायाखालची फळी निसटावी तशी ती स्तब्धता. हाडाचा नट अशा वेळी एकच करतो, समोरच्याच्या हातात दोर देतो. तिनं टोपी काढून मुखियाला दिली.

“मग कसे होते?”

माइदेई उठायला लागली. अंगणात उतरून दाखवायचंच होतं तिला. आत्यानं मनगट पकडलं. “बस खाली. लेकीनं बापाचं सोंग काढायचं नसतं. काढलंस तर तो तुझा कुणी नव्हता असं होईल.”

पोरगी आत्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग बसली. बसल्या जागेवरूनच बोलू लागली.

“डोकं उघडं होतं. उन्हानं लाल झालं होतं. डावा गुडघा वाकत नव्हता.”

माय शिंगिराय चालली.

“हळू. अजून हळू. मधे थांबायचे, पण दमलोय असं दाखवायचे नाहीत. झाड बघतोय असं दाखवायचे.”

माय थांबली. झाड नव्हतं तिथं झाड पाहिलं. बायकांत कुणीतरी हुंकार दिला.

“खुर्चीवर बसताना आधी हातानं खुर्ची हलवून बघायचे. आणि चमचा नव्हता. त्यांनी हातानं खाल्लं. बोटं भाजली. पण घास खाली ठेवला नाही.”

मायनं न दिसणारा घास उचलला, बोटं भाजली, डोळ्यांत पाणी आलं, तरी मान डोलावून गिळला. लोक हसले. आधीसारखं नाही, हळू हसले. मुखियानं टोपी मांडीवर उलटी ठेवली.

“आणि निघताना?” मायनं विचारलं.

वाऱ्यानं पातेल्याखालचा धूर चटईकडे आणला.

“निघताना माझ्यासमोर उभे राहिले. संस्थेनं त्यांना सांगितलं होतं, मुलांना हात लावायचा नाही. त्यांनी हात वर केला आणि माझ्या डोक्यावर धरला. ठेवला नाही. नुसता धरला.”

सगळ्यांच्या माना ग्वाझाकडे वळल्या. तो बुटांकडे बघत होता. “नियम आहे तो,” म्हणाला. “चांगल्यासाठीच केलाय. सगळ्यांना तोच.” त्याला कुणी टोमणा मारला नाही. आत्यानंसुद्धा नाही.

माय शिंगिराय डावा गुडघा ताठ ठेवून, हळू, मधे एकदा थांबून, चटईपर्यंत आली. पोरीसमोर उभी राहिली. हात उचलला.

“इतका वर नाही.”

हात खाली आला.

“आता लागेल. थोडा वर. तिथं.” पोरीचा आवाज फाटला. “थरथरत होता.”

मायनं हात थरथरवला. तिला ते येत होतं. म्हाताऱ्या हाताची थरथर मनगटातून नाही, कोपरातून काढायची असते. माइदेईनं डोळे वर करून त्या तळव्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून जे निघालं त्याला शब्द नव्हते. आत्यानं तिला कवेत घेतलं. बायकांनी तो आवाज उचलला, आणि जसा एखाद्या घरच्या माणसासाठी उठतो तसा आक्रोश अंगणभर उठला, डोंगरापर्यंत गेला. लांबच्या वस्तीतली माणसं कामं टाकून बघायला लागली, की मुकोऱ्यात गेलं कोण.

माय शिंगिराय उभी होती. तिनं स्वतःच्या आत पुन्हा चाचपून पाहिलं. काही नव्हतं. डोळे कोरडे होते. दंड दुखू लागला होता, तेवढं कळत होतं. पोरीचं डोकं हाताखाली गदगदत होतं, वीतभर अंतरावर. तिच्या केसांची ऊब तळव्याला लागत होती. हात टेकवावा, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यानं टेकवला नव्हता.

आक्रोश ओसरला. बायका डोळे पुसून पातेल्याकडे वळल्या. माइदेई अजून आत्याच्या कुशीत हुंदके देत होती.

आत्यानं मान वर केली. “वहिनी,” ती हळूच म्हणाली, “पुरे आता. घ्या हात खाली.”

“तिचं व्हायचंय अजून, वन्सं,” माय शिंगिराय म्हणाली, आणि हात तसाच वर धरून उभी राहिली.